चौथी थाप

तमाम नाट्यरसिक मायबापांना कळवण्यास अत्यंत खेद होतो की, पुण्याच्या नाट्यगृहांत गेली कित्येक वर्षं ज्या विजा कडाडल्या, जी वादळं घोंघावली, जे घोडे उधळले आणि ज्या मोटारी फाटकाशी येऊन करकचून थांबल्या, त्या सगळ्यांमागे एकच इसम होता. तो इसम म्हणजे मी. काही खूनही माझ्याच हातचे आहेत. गोळी खलनायकानं झाडली असं आपल्याला वाटलं असेल. खलनायकाच्या हातात लाकडी पिस्तूल होतं. ‘ठो’ मी केलं. हे निवेदन मी कोणत्याही दबावाखाली न येता, राहत्या घरी, कसबा पेठेत, दुसरा चहा घेऊन देत आहे.

आमच्या कामाला धड नाव नव्हतं. जाहिरातीत ‘ध्वनी’ म्हणून छापायचे, तेही जागा उरली तर. काम सोपं. प्रेक्षकांना दिसत नाही, पण ऐकू यायला हवं, ते सगळं विंगेतल्या अंधारात उभं राहून करायचं. लांबलचक पातळ पत्रा दोरीनं वरून टांगायचा आणि खालचं टोक धरून हलवायचा, की वीज. हळू हलवला तर लांब कुठंतरी गडगडतं, झटका दिला तर थेट डोक्यावर. सुपात मोहरी घोळवली की पाऊस. करवंट्या फरशीवर आपटल्या की घोडा. घोडा थकलेला हवा असेल तर करवंट्यांना फडकं गुंडाळायचं. पुढे टेप आल्या, मग सीडी, आता लॅपटॉप. मी सगळं शिकलो. पण टेपमधली वीज रोज सारखीच कडाडते. नट कधी वाक्य लवकर संपवतो, कधी मध्येच त्याला रडू फुटतं. पत्रा त्याच्यासाठी थांबतो, टेप थांबत नाही. एवढाच काय तो माझा अभिमान, तो आपण गोड मानून घ्यावा.

एकदा एका कौटुंबिक नाटकात आतल्या खोलीत तान्हं बाळ रडायचं होतं आणि नेमकी टेप अडकली. रंगमंचावर आई ‘अगं बाई, उठला वाटतं!’ म्हणून कान देऊन उभी. शेवटी मीच रडलो. असा रडलो, असा रडलो की आईलाही पान्हा फुटावा. मध्यंतरात तिसऱ्या रांगेतल्या एक बाई तरातरा विंगेत आल्या.

“बाळ कुठाय?”

“का हो?”

“पोट दुखतंय त्याचं. रडण्यावरून कळतं. ग्राइप वॉटर द्या. किती महिन्यांचं आहे?”

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, मिशीसकट. बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, “मग ओवा खा.”

असे किस्से दिवाळी अंकभर सांगता येतील, आणि संपादकांना तेच हवे असावेत. पण यंदा मला एकाच नाटकाविषयी लिहायचं आहे. त्या नाटकाचा नवा संच नुकताच रंगमंचावर आला, आणि त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर नाही.

आम्ही पडद्यामागची माणसं नाटकाला त्याच्या नावानं ओळखत नाही. ट्रकमध्ये जे सामान चढवायला सगळ्यात त्रासदायक, ते नाटकाचं नाव. सोफ्याचं नाटक, जिन्याचं नाटक. हे होतं दाराचं नाटक. दोन वैरी घराण्यांतले दोघं प्रेमात पडतात. नदीकाठच्या धर्मशाळेत भेटून पळून जायचं ठरतं. तो आधी पोचतो. तिचं लग्न दुसरीकडे लावून दिलं अशी खोटी बातमी त्याला कुणीतरी देतं आणि तो विष घेतो. तेवढ्यात दारावर थाप पडते. तिचे भाऊ मारायला आले, असं समजून तो दार उघडत नाही. बाहेर तीच असते. तिला वाटतं, याचं मन फिरलं. आत विष, बाहेर नदी, आणि मध्ये एक सागवानी दार. पुण्यातल्या तीन पिढ्या या दारापायी रडल्या आहेत.

मी होतो त्या संचात नायक श्रीधर होता आणि नायिका सुजाता. दोघंही दिवसा नोकरी करायचे. तो बँकेत, ती सरकारी कचेरीत. संध्याकाळी तोंडाला रंग लावून एकमेकांसाठी मरायचे. दारावरची थाप खरं तर माझं काम, पण सुजाताताईंनी पहिल्याच तालमीला मला बजावलं होतं, “विनायक, विजा तुझ्या. थाप माझी.” त्यामुळे दर प्रयोगाला शेवटच्या प्रवेशात आम्ही दोघं दाराच्या मागे, अंधारात. त्या तीनदा थाप द्यायच्या. पहिली हळू, दुसरी घाईची, तिसरी नुसती तळहात टेकवल्यासारखी. तिसरी झाली की मी एक श्वास सोडायचा आणि पत्रा हलवायचा. प्रेक्षकांना आतला श्रीधर दिसायचा. बाहेरच्या सुजाताताई दिसायच्या त्या फक्त मला. साऱ्या पुण्यात त्या नाटकाचं सगळ्यात चांगलं तिकीट माझ्याकडे होतं, आणि तेही फुकट.

ते दोघं रंगमंचाबाहेरही एकमेकांचे होते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. दौऱ्यावर बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा कुणी मागत नसे. अडचण एवढीच की श्रीधर सदाशिव पेठेतला. घरात सोवळंओवळं पाळणारी आई आणि लग्नाच्या दोन बहिणी. सुजाताताईंचं घर नागपूरकडून आलेलं. वडील पोस्टात, भिंतीवर बुद्धाची तसबीर. नाटकात वैरी घराणी बघून ढसाढसा रडणारे लोक घरी गेल्यावर काय म्हणतात, हे मी वेगळं सांगायला नको.

एका प्रयोगाला चौथी थाप पडली.

तिसरी झाली, मी श्वास सोडला, पत्र्याला झटका दिला, आणि त्याच क्षणी सुजाताताईंचा हात पुन्हा वर गेला. ती थाप नाटकात नव्हती. माझी वीज त्यावर कडाडली. त्या दाराला कान लावून उभ्या राहिल्या. आतून काहीच आलं नाही. मग त्या ठरल्याप्रमाणे नदीकडे, म्हणजे माझ्या सुपावरून उडी मारून डाव्या विंगेत निघून गेल्या. पुढे थोड्याच दिवसांत त्यांनी नागपूरची बदली मागून घेतली. दाराचं नाटक बंद झालं. त्यांचं लग्न झालं, एका भल्या प्राध्यापकाशी. संसारही चांगला झाला, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर आपण रुमाल काढाल. श्रीधरनंही आईनं पसंत केलेल्या मुलीशी लग्न केलं. आता तो विधुर, आणि त्या पती वारल्यावर मुलीच्या जवळ म्हणून कोथरूडला राहायला आलेल्या. एवढ्या वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

यंदा ऋतुजा नावाच्या दिग्दर्शिकेचा फोन आला. वय मुलीसारखं, आवाज कलेक्टरसारखा.

“काका, मी ते नाटक रिव्हाइव्ह करतेय. दार स्टेजच्या सेंटरला. ऑडियन्सला दोन्ही बाजू दिसणार. पण थापेचा साउंड मिळत नाहीये. नेटवरची सॅम्पल्स फार क्लीन आहेत, सोलच नाहीये त्यात.”

“थापेला जीव हवा ना? मग थाप देणारी बाई जिवंत आहे,” मी म्हटलं.

दोघं मिळून कोथरूडला गेलो. सुजाताताई आता साठीच्या पुढच्या, पांढऱ्याशुभ्र केसांचा बॉबकट, डोळे तेच. आधी ‘काहीतरीच काय’ म्हणाल्या, मग पदर खोचून बाहेर जिन्यात उभ्या राहिल्या. ऋतुजानं माइक धरला. ताईंनी स्वतःच्याच घराच्या दारावर थाप दिली. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. एक गृहस्थ.

“कोण हवंय?”

“कोणी नाही. मीच आहे.”

“ते दिसतंय. घर आपलंच ना?”

“हो.”

“आत कोण आहे मग?”

“कोणीच नाही.”

गृहस्थांनी आम्हा तिघांकडे पाहिलं, दार लावून घेतलं, आणि आतून वरची कडीही घातली.

दोन-तीनदा वाजवूनही थाप मेलेलीच येत होती. ताईंनी मान हलवली. “अशी नाही येत गं. पलीकडे कोणीतरी असावं लागतं. विनायक, तू आत जाऊन बस.”

मी आत गेलो. दार लावलं, आणि श्रीधर बसायचा असं ऐकलं होतं तसा, दाराला पाठ टेकून जमिनीवर बसलो. थाप पडली. काय सांगू! आयुष्यभर ती थाप मी बाहेरच्या बाजूनं ऐकली होती. दाराला पाठ लावून बसलेल्या माणसाला थाप कानांनी ऐकू येत नाही. ती पाठीतून आत शिरते. पहिली, दुसरी, तिसरी. थोडी शांतता. मग चौथी.

दार उघडलं तेव्हा ऋतुजा हेडफोन काढत टाळ्या वाजवत होती. तिला पुढं तालमीला जायचं होतं, ती गेली. मला मात्र चहासाठी थांबवून घेतलं. कपात साखर ढवळत ढवळत ताई म्हणाल्या, “विनायक, तू कधी काही विचारलं नाहीस.”

“माझं काम विजेचं, ताई.”

“मग मी विचारते. त्याला ऐकू आली होती का रे, तेव्हाची चौथी?”

मी कप खाली ठेवला.

“त्या दिवशी प्रयोगाआधी मी त्याला म्हटलं होतं,” त्या सांगू लागल्या, “आज प्रयोगानंतर माझ्याबरोबर घरी चल. बाबांसमोर बस. नुसता बस, बोलते मी. तो म्हणाला, बघू. म्हणून मी चौथी दिली. दार उघड, असं नव्हतं रे. नाटक कोण मोडेल? आतून बोटानं नुसतं टकटक केलं असतं तरी मला पुरलं असतं. आणि तू घातलीस वीज. ऐकून गप्प बसला असेल तर मी योग्य केलं. ऐकूच आली नसेल तर...” त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली. “घे. खारी आहे.”

 तिसऱ्या थापेनंतर तो दाराला टेकून असायचा, की उठून रंगमंचाच्या मधोमध यायचा, हे मला ठाऊकच नव्हतं. ते नाटक मी समोरून कधी पाहिलंच नव्हतं. दाराला टेकून असेल, तर माझी वीज काय, खरी वीज पडली असती तरी थाप त्याच्या पाठीत शिरलीच असती. मधोमध असेल, तर माझ्या पत्र्यानं ती गिळली. सबंध पुण्यात याचं उत्तर एकाच माणसाला माहीत होतं.

तो माणूस सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतो. दारावर पाटी: ‘बेल एकदाच दाबावी. माणूस आत आहे, बहिरा नाही.’ मला उत्तर मिळालं असं वाटून मी खूश झालो. पण श्रीधरपंत असे हाती लागणारे नव्हेत.

“विन्या? तू अजून आहेस?”

“पास घेऊन आलोय. दाराच्या नाटकाचा पहिला प्रयोग. जुन्या कलाकारांना मान आहे.”

“शेवट माहीत आहे मला. मरतात.”

“सुजाताताई येणार आहेत.”

त्यानं चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिला. मग म्हणाला, “केस काळे करते का?”

“नाही. तुम्ही तिसऱ्या थापेनंतर कुठे असायचा हो? दारापाशी की मध्ये?”

“का?”

“असंच. मी कधी पाहिलं नाही समोरून.”

“तुझ्या त्या पत्र्यानं माझा उजवा कान कायमचा गेलाय,” तो म्हणाला. “आणि मी येणार नाहीये. पास ठेवून जा टेबलावर.”

ऋतुजाचा दोन दिवसांनी फोन. “काका, थाप कमाल आलीय. पण एक एक्स्ट्रा आहे. स्क्रिप्टमध्ये तीनच आहेत. चौथी कापू?”

खरं सांगतो, मी विचार केला. रंगभूमीची शिस्त, लेखकाचा शब्द, वगैरे. सगळा मिळून अर्धा सेकंद केला.

“राहू दे,” मी म्हटलं. “बाईंची पद्धत होती.”

पहिला प्रयोग कोथरूडच्याच नाट्यगृहात. नारळ फुटला, धूप फिरला. मी नवा झब्बा घालून आत शिरलो आणि सवयीनं विंगेकडे वळलो. तिथल्या पोरांनी ‘काका, प्रेक्षकांचा रस्ता तिकडून’ म्हणून मला बाहेर काढलं. पासांची वाटणी माझ्याकडेच असल्यानं मी तिघांच्या खुर्च्या एका ओळीत घेतल्या होत्या. सुजाताताईंना शेजारी कोण आहे ते सांगितलं नव्हतं. श्रीधर येणारच नव्हता. पहिल्या घंटेला ताई येऊन बसल्या. दुसऱ्या घंटेला सदाशिव पेठ काठी टेकत आली. त्यानं तिला पाहिलं, तिनं त्याला.

“केस पांढरे केलेस?” तो म्हणाला.

“होते ते केले. तू काय केलंस तुझ्यांचं?”

श्रीधरनं टकलावरून हात फिरवला आणि मला मधल्या खुर्चीत ढकललं. झाला भेटीचा समारंभ. नाटकाआधी जुन्या कलाकारांचा सत्कार झाला, तेव्हा शाल-श्रीफळ घेताना दोघं रंगमंचाच्या दोन टोकांना उभे. मध्यंतरात मी भारत-पाकिस्तानच्या हद्दीसारखा.

“विनायक, त्याला विचार, वडा घेणार का.”

“विन्या, तिला सांग, तळलेलं बंद आहे.”

“विचार, कधीपासून.”

“सांग, ही गेल्यापासून.”

“कोण ही?” मी गडबडलो.

“माझी बायको, विन्या. सांग तिला, चार वर्षं झाली.”

 मग मला ओलांडून ताईंनी पहिल्यांदा थेट त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मला कळलं होतं. फोन करणार होते. नंबर नव्हता.” श्रीधरनं मान हलवली. घंटा वाजली.

दुसरा अंक. आता काय सांगू तुम्हाला! नवी पोरं काय काम करत होती! दार खरंच मधोमध, एका बाजूला तो, एका बाजूला ती, आणि मी जन्मात पहिल्यांदा दोघांना एकाच वेळी पाहत होतो. इतकी वर्षं मी फक्त तिचा चेहरा पाहिला होता. आत एक माणूसही तितकाच एकटा असतो, याची मला कल्पनाच नव्हती. लॅपटॉपची वीज चारी बाजूंनी गडगडली. उत्तम होती, मत्सर वाटावा अशी. मला माझा पत्रा हवा होता. हात आपोआप खुर्चीचं हँडल धरून हलवायला लागले. ताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मला थांबवायला की स्वतःला, देव जाणे.

नव्या नायकानं विष घेतलं. तो सरपटत दाराशी आला, पाठ टेकली.

पहिली थाप पडली. सगळ्या नाट्यगृहातून फिरून ती दारावर आली. उजव्या बाजूला श्रीधरची काठी निसटून खाली पडली. दुसरी पडली, घाईची. तो पाठीचा कणा ताठ करून बसला. जणू खुर्चीची पाठ नव्हे, सागवान आहे. तिसरी पडली, तळहात टेकवल्यासारखी. प्रेक्षकांत हुंदके सुरू झाले. माझं लक्ष रंगमंचावर नव्हतंच. मी एकदा डावीकडे पाहत होतो, एकदा उजवीकडे. ताईंनी डोळे मिटून घेतले होते. वीज कडाडली, आणि त्या विजेच्या पोटात, बारीक, नीट, चौथी थाप पडली.

सदाशिव पेठ उभी राहिली. काठीशिवाय.

“अरे, उघड!” श्रीधर त्या पोरावर ओरडला, बँकेत, घरी, आयुष्यात कधी ओरडला नसेल एवढ्यानं. “तीन नाटकातल्या असतात! चौथी तिची आहे! उघड दार!”

 विष घेतलेला नायक डोळे उघडून प्रेक्षकांत बघायला लागला. बाहेरची नायिका नदीकडे निघालेली, तिथेच खिळली. लॅपटॉपवाल्याची पुढची वीज चुकली. आणि माझ्या डाव्या कानाशी, मला पार ओलांडून, शेवटच्या रांगेलाही स्पष्ट ऐकू जाईल अशा, जराही न पिकलेल्या आवाजात सुजाताताई बोलून गेल्या, “म्हणजे ऐकली होतीस!”